सर्वसामान्य पापाची सोय : हॉथॉर्नची प्रतीके आणि त्यांचे वाचक

नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या कथात्म साहित्याविषयी जे काही लिहिले जाते, त्यात दोन विधाने ठरून आल्यासारखी येतात. पहिले असे की, 'द स्कार्लेट लेटर' (१८५०) या कादंबरीतील 'ए' हे तांबडे अक्षर प्रारंभी व्यभिचाराचे, पुढे कर्तृत्वाचे आणि अखेरीस देवदूतत्वाचे प्रतीक बनते. इंग्रजीतील हे तिन्ही शब्द त्याच अक्षराने सुरू होतात, हा पुरावा. दुसरे असे की, प्युरिटन समाजाने माणसाकडून निष्कलंकतेची अपेक्षा केली आणि हॉथॉर्नने त्या समाजासमोर मानवी अपूर्णतेचे सत्य उभे केले. पदव्युत्तर वर्गांतील टिपणांपासून तौलनिक अभ्यासाच्या नावाखाली प्रसिद्ध होणाऱ्या लेखांपर्यंत ही दोन विधाने इतक्या निर्वेधपणे फिरत असतात, की त्यांना संहितेचा आधार आहे काय, हे विचारण्याची गरजही कुणाला भासत नाही. वस्तुतः दोन्ही विधाने चूक आहेत. पहिले निष्काळजी वाचनातून आले आहे, दुसरे सोयीतून. निष्काळजीपणा पुन्हा वाचून दुरुस्त होतो. सोय मात्र पुनर्वाचनालाही आपल्यासारखे करून घेते, म्हणून दुसऱ्या विधानाचा समाचार अधिक विस्ताराने घ्यावा लागतो.

आधी देवदूताचे पाहू. कादंबरीच्या बाराव्या प्रकरणात धर्मोपदेशक आर्थर डिम्सडेल मध्यरात्री शिक्षेच्या चौथऱ्यावर चढतो. हेस्टर प्रिन आणि पर्ल तेथून जात असतात. त्या दोघींचे हात धरून तो उभा असताना आकाशात उल्केचा प्रकाश पसरतो आणि त्या प्रकाशात त्याला एक प्रचंड अक्षर दिसते. ते आपल्यासाठीच उमटले आहे, असे त्याला वाटते, आणि निवेदक या वाटण्याचा दोष त्याच्या रोगट झालेल्या मनाला देतो. दुसऱ्या दिवशी मंडळीचा म्हातारा सेवेकरी त्याला सांगतो की, रात्री आकाशात ते अक्षर गावातील इतरांनीही पाहिले. गव्हर्नर विनथ्रॉप त्याच रात्री निवर्तले असल्यामुळे ते देवदूत झाल्याची ती खूण आहे, असा अर्थ गावाने लावला. म्हणजे 'देवदूत' हा अर्थ मृत गव्हर्नरांविषयीचा आहे. हेस्टरचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. हेस्टरच्या सेवाभावामुळे लोक तिच्या छातीवरील अक्षराचा अर्थ 'समर्थ' असा लावू लागले, हे पुढच्या प्रकरणात येते, ते खरे. परंतु तीन पायऱ्यांच्या त्या लोकप्रिय शिडीची सर्वांत वरची पायरी दुसऱ्याच घराची आहे.

त्याच सेवेकऱ्याने ही बातमी सांगण्यापूर्वी डिम्सडेलला एक हातमोजा परत केलेला असतो. तो त्याला सकाळी चौथऱ्यावर सापडला. धर्मोपदेशकाचा हातमोजा व्यभिचाऱ्यांना उभे करण्याच्या जागी कसा गेला? सेवेकऱ्याला उत्तर शोधावे लागत नाही: सैतानाने तो चोरून तेथे टाकला असणार! साऱ्या कादंबरीत याहून सज्जड, हातात धरता येईल असा पुरावा दुसरा नाही. आणि तो धरणारा माणूस हसत हसत तो गुन्हेगाराच्याच स्वाधीन करतो. आकाशातील धूसर प्रकाशात त्याला वाचता येते आणि हातातल्या मोज्यावर वाचता येत नाही. प्रतीकांची यादी करणाऱ्या कोणत्याही अभ्यासपुस्तिकेत हा मोजा सहसा आढळत नाही. कारण उघड आहे: तो कशाचेही प्रतीक नाही. तो केवळ डिम्सडेलचा मोजा आहे.

आता दुसरे विधान. प्युरिटनांनी माणसाकडून निर्दोषत्वाची अपेक्षा केली, हे म्हणणे त्यांच्या धर्मविचाराचा पहिला धडाही न वाचल्याचे लक्षण आहे. कॅल्व्हिनच्या परंपरेतील हे लोक मानवाची समूळ भ्रष्टता हे गृहीतकृत्य मानूनच पुढे जात. आद्यपापाने दूषित झालेला माणूस स्वतःच्या कोणत्याही कृतीने तरू शकत नाही. कुणाला तारावयाचे हे ईश्वराने अनादी काळीच ठरविले आहे. माणसाच्या हाती उरते ते फक्त आपल्यावर कृपा झाली आहे काय याच्या खुणा शोधणे. न्यू इंग्लंडमध्ये १६३० नंतरच्या दशकात मंडळीचे सभासदत्व मिळण्यासाठी स्वतःच्या परिवर्तनाचा वृत्तांत सर्वांसमोर सांगावा लागे. तो सांगणाऱ्याने आपण किती अधम होतो हे सांगणे अपेक्षितच असे. अपूर्णतेचे ज्ञान या समाजाला इतरांपेक्षा कमी नव्हते, जास्तच होते. म्हणून हॉथॉर्नने दोनशे वर्षांनंतर येऊन त्यांना 'माणूस अपूर्ण आहे' हे शिकवले, असे म्हणणे म्हणजे कोळ्याला पोहायला शिकवल्याचा दावा करण्यासारखे आहे.

प्युरिटनांचा खरा आग्रह वेगळा होता. भ्रष्टता आणि कृपा दोन्ही वाचता आल्या पाहिजेत, हा तो आग्रह. जग हे ईश्वराने लिहिलेले पुस्तक आहे आणि त्यातील एकही अक्षर निरर्थक नाही, ही श्रद्धा त्यामागे होती. जॉन विनथ्रॉपच्या रोजनिशीत १६४० सालची एक नोंद आहे. त्याच्या मुलाच्या ग्रंथसंग्रहात ग्रीक नवा करार, स्तोत्रे आणि इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे प्रार्थनापुस्तक एकत्र बांधलेले होते. उंदरांनी प्रार्थनापुस्तकाचे पान न् पान कुरतडले, आणि उरलेल्या दोहोंना तोंडही लावले नाही. विनथ्रॉपला ही घटना नोंदवून ठेवण्याजोगी वाटली. उंदरांनाही ईश्वरी मताचा पक्ष कळावा, हे त्याच्या जगात हास्यास्पद नव्हते. ही नोंद आज गंमत म्हणून वाचली जाते. परंतु त्याच वाचनपद्धतीचा दुसरा नमुना गमतीचा नाही. ॲन हचिन्सनची अनुयायी मेरी डायर हिला १६३७ मध्ये मृत आणि विकृत मूल झाले व ते गुपचूप पुरले गेले. पुढल्या वर्षी हचिन्सनला मंडळीतून बहिष्कृत केल्यावर ती गोष्ट बाहेर आली, तेव्हा ते प्रेत उकरून काढण्यात आले आणि त्याच्या विकृतीचा अर्थ आईच्या पाखंडी मतांशी जोडण्यात आला. एका स्त्रीचे दुःख तिच्या शत्रूंच्या हाती मजकूर होऊन पडले.

हॉथॉर्नला हा इतिहास चांगला ठाऊक होता. कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात तुरुंगाच्या दाराशी असलेल्या गुलाबाच्या झुडपाशी तो हचिन्सनचे नाव जोडतो. पुढे नगरातील लोक पर्लला सैतानाचे अपत्य समजतात, आणि स्वतः हेस्टर त्या मुलीच्या वागण्यात काही अनिष्ट खूण दिसते काय म्हणून रोज भीतीने पाहत असते. आईच पोटच्या पोरीला मजकुरासारखी न्याहाळू लागते, यापेक्षा त्या समाजाच्या यशाचे अधिक भयंकर चित्र दुसरे असू शकत नाही. गव्हर्नरच्या घरातील चिलखताचा प्रसंगही असाच. घासून लख्ख केलेल्या बहिर्वक्र पत्र्यात हेस्टरचे प्रतिबिंब पडते, तेव्हा छातीवरचे अक्षर इतके अवाढव्य दिसते की ती बाई त्याच्यामागे पार दिसेनाशी होते. प्रतीकवादी समीक्षेने स्वतःचे चित्र पाहावयाचे असेल, तर ते या चिलखतात पाहावे.

तेव्हा हॉथॉर्नचा वाद अपूर्णता नाकारण्याशी नाही. अपूर्णतेचा सिद्धान्त करून तिच्यातील विशिष्ट अपराध हरवून टाकण्याशी आहे. अकराव्या प्रकरणात डिम्सडेल व्यासपीठावरून आपण अधमांतला अधम आहोत, असे मंडळीला पुनःपुन्हा सांगतो. हे शब्द अक्षरशः खरे असतात. ऐकणारे काय करतात? हा तरुण संत स्वतःला असे म्हणवतो, तर आमच्यासारख्यांची काय कथा, असे म्हणून त्याला अधिकच पूज्य मानतात. आणि असे होणार हे डिम्सडेलला पुरते ठाऊक असते. निवेदक त्याला पश्चात्तापी परंतु धूर्त ढोंगी ठरवतो. त्याने बोललेले सत्यच असत्याच्या कामी आले, असे तो स्पष्टपणे सुचवतो. येथे ढोंगाचे साधन खोटेपणा नाही. 'सर्व माणसे पापी आहेत आणि मी त्यांतला पहिला' हे वाक्य त्या समाजात इतके ठरीव होते, की ते उच्चारणाऱ्याविषयी त्यातून काहीच कळत नसे. हेस्टरने चौथऱ्यावर नाव सांगण्यास नकार दिला होता. डिम्सडेलने नाव सोडून सर्व काही सांगितले. दोन्ही मौनेच, पण पहिल्या मौनाची किंमत ती बाई सात वर्षे भरत राहिली आणि दुसऱ्या मौनावर तो पुरुष कीर्तिमान झाला.

या वाचनाला शेवटच्या प्रकरणात असा आधार मिळतो की, त्यानंतर 'मानवी अपूर्णतेचा संदेश' सांगणाऱ्यांनी संहिता मिटून ठेवलेली बरी. डिम्सडेलच्या मृत्यूनंतर त्याच्या छातीवर अक्षर होते काय, यावर मतभेद होतात. काहींच्या मते त्याने ते स्वतःच कोरून घेतले. काही म्हणतात, चिलिंगवर्थच्या जादूने ते उमटले. आणखी काहींना ते आतून कुरतडणाऱ्या पश्चात्तापाचे फळ वाटते. चौथा एक गट मात्र वेगळे सांगतो. छातीवर काहीच नव्हते. धर्मोपदेशकाने कोणत्याही पापाची कबुली दिली नाही. त्या पतित स्त्रीच्या कुशीत मरण पत्करून त्याने एक दृष्टान्त उभा केला: अनंत पावित्र्यापुढे आपण सारे सारखेच पापी. आणि निवेदक या गटाविषयी काय म्हणतो? मध्यान्हीच्या उन्हाइतका स्वच्छ पुरावा समोर असतानाही धर्मोपदेशकाची अब्रू राखण्यासाठी त्याचे मित्र किती हट्टाने झटतात, याचे हे उदाहरण होय! 'आपण सारे पापी' हा निष्कर्ष हॉथॉर्नने कादंबरीत लिहिला आहे, यात शंका नाही. त्याने तो डिम्सडेलच्या वकिलांच्या तोंडी घातला आहे. दीडशेहून अधिक वर्षे समीक्षेने तो लेखकाचा म्हणून उचलावा, ही त्या वकिलांची थोडीथोडकी कामगिरी नव्हे.

संदिग्धतेची बाजू घेणारे येथे हरकत घेतील. आयव्हर विंटर्सने १९३८ मध्ये आणि एफ. ओ. मॅथिसनने १९४१ मध्ये हॉथॉर्नच्या या 'पर्याय देण्याच्या' पद्धतीकडे लक्ष वेधले, तेव्हापासून निवेदक कोणतीच बाजू घेत नाही, वाचकाला मोकळे सोडतो, अशी समजूत रूढ झाली आहे. पण पर्याय देणे आणि तटस्थ राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तीन पर्यायांपुढे निवेदक वाचकाला निवड करू देतो; चौथ्यापुढे तो पर्याय सांगणाऱ्याचा हेतू सांगतो. न्यायालयात चार साक्षी झाल्या आणि न्यायाधीशाने चौथा साक्षीदार आरोपीचा मेहुणा असल्याचे नोंदवले, तर त्याला संदिग्धता म्हणत नाहीत.

पंधरा वर्षे आधीच्या 'यंग गुडमन ब्राऊन' (१८३५) या कथेत हेच सूत्र अधिक उग्रपणे येते. तरुण ब्राऊन रात्री अरण्यात एका अनोळखी सोबत्याबरोबर निघतो. तो सोबती वाटेत सहज सांगतो की, ब्राऊनचा आजा शिपाई असताना क्वेकर पंथाच्या एका बाईला त्याने सेलमच्या रस्त्यांतून चाबकाने फोडून काढले, तेव्हा मी मदतीला होतो. आणि त्याच्या बापाने राजा फिलिपच्या लढाईत मूळ रहिवाशांचे गाव पेटवले, तेव्हा पेटता काष्ठखंड मीच दिला. हे दोन विशिष्ट गुन्हे आहेत. त्यांना स्थळ आहे, काळ आहे, बळी गेलेली माणसे आहेत. हॉथॉर्नच्या स्वतःच्या पूर्वजाने, विल्यम हेथॉर्नने, क्वेकरांचा छळ केला होता. राजा फिलिपची लढाई १६७५–७६ मधली. घरच्यांनी या गोष्टी कधी सांगितल्या नाहीत याचे ब्राऊनला नवल वाटते, आणि तो पुढे चालू लागतो. नंतर मध्यरात्रीच्या सभेत सैतानी आकृती प्रवचन करते: दुष्टता हाच मानवजातीचा स्वभाव आहे. या वाक्याने मात्र ब्राऊन कायमचा मोडतो. बायकोचा, शेजाऱ्यांचा, धर्मोपदेशकाचा संशय घेत तो कुढत जगतो आणि कुढत मरतो. बापाने जाळलेल्या गावाची त्याला पुन्हा आठवण झाल्याचे कथा सांगत नाही.

डेव्हिड लेव्हिन यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले की, ब्राऊनने अरण्यात जे पाहिले ते १६९२ च्या सेलम खटल्यांतील 'छायारूपाच्या पुराव्या'सारखेच आहे: सैतान कुणाचेही रूप घेऊ शकतो, तेव्हा रूप दिसले म्हणून माणूस दोषी ठरत नाही. त्या सभेत हॉथॉर्नने मार्था कॅरियरचे नाव घातले आहे. ती १९ ऑगस्ट १६९२ रोजी फाशी गेलेली खरी स्त्री. तिला चेटकीण ठरविणाऱ्यांच्या डोळ्यांनी ब्राऊन पाहतो, आणि 'या कथेत वैश्विक दुष्टतेचे दर्शन घडते' असे लिहिणारा समीक्षकही त्याच डोळ्यांनी पाहतो. कथेचा 'संदेश' म्हणून जे वर्गात सांगितले जाते, ते सैतानाचे प्रवचन आहे, एवढे तरी विद्यार्थ्यांना सांगावे.

'द मिनिस्टर्स ब्लॅक व्हेल' (१८३६) या कथेचा पाळक हूपर एके दिवशी तोंडावर काळा पडदा घेऊन येतो आणि मरेपर्यंत तो काढत नाही. मरताना तो म्हणतो की, मला प्रत्येक चेहऱ्यावर काळा पडदा दिसतो. हेच कथेचे सार, असे सर्वत्र म्हटले जाते. एडगर ॲलन पो याने १८४२ मध्येच याला नकार दिला होता. मरणाऱ्या पाळकाच्या तोंडची शिकवण हाच कथेचा अर्थ, असे बहुतेक वाचक समजतील. प्रत्यक्षात एका तरुणीच्या संदर्भातील काळाकुट्ट गुन्हा कथेत सुचविला आहे, असे त्याचे मत. पडदा घेतल्याच्या पहिल्या दिवशी हूपर एका तरुणीच्या अंत्यविधीला जातो, त्याकडे पोचे बोट होते. पोचा तर्क शेवटपर्यंत सिद्ध होत नाही, हे मान्य करावे लागते. पण त्याचा प्रश्न योग्य होता. तळटीपेत हॉथॉर्न स्वतःच सांगतो की, मेन प्रांतातील यॉर्कच्या जोसेफ मूडी या धर्मोपदेशकाने असाच पडदा घेतला होता. त्याचे कारण ठाऊक होते: तरुणपणी त्याच्या हातून चुकून जिवलग मित्राचा जीव गेला होता. कथेत हे कारण काढून टाकले आहे, आणि कारण गेल्याबरोबर पडदा सर्वांचा होतो. सर्वांचा झाल्याबरोबर त्याला सत्ता प्राप्त होते. हूपर पडद्यामुळे प्रभावी वक्ता बनतो, निवडणूक-दिनाचे प्रवचन करतो, त्याच्या उदास छायेत त्या वर्षीचे कायदे होतात. डिम्सडेलच्या कीर्तीचा कळसही निवडणूक-दिनाचे प्रवचनच असावे, हा योगायोग मानणे कठीण आहे. उलट बाजूला एकटी एलिझाबेथ उभी आहे. तिने फक्त एवढेच विचारले होते की, हा पडदा काय आहे आणि एकदा तो माझ्यापुढे बाजूला कराल काय.

'द बर्थमार्क' (१८४३) ही कथा तर मानवी अपूर्णतेवरील निबंधांची हक्काची कामधेनू. जॉर्जियानाच्या गालावर हाताच्या आकाराचा इवलासा लाल डाग असतो. तिचा शास्त्रज्ञ नवरा एलमर तो काढू पाहतो आणि ती मरते. 'डाग हे मानवी अपूर्णतेचे प्रतीक' असे लिहून समीक्षक पुढे सरकतात. परंतु निवेदकाची वाक्यरचना नीट पाहिली पाहिजे. डाग प्रतीक 'आहे' असे तो म्हणत नाही. एलमरने पत्नीच्या पाप, दुःख, ऱ्हास आणि मृत्यू यांच्या अधीनतेचे प्रतीक म्हणून तो डाग 'निवडला', असे म्हणतो. त्याआधी तोच डाग प्रेमिकांना परीच्या हाताचा ठसा वाटत होता, काही बायकांना विद्रूप वाटत होता, आणि खुद्द जॉर्जियानाला, इतकी माणसे वाखाणतात म्हणून, बरा वाटत होता. पुढे ती नवऱ्याच्या प्रयोगांची वही वाचते आणि तिला कळते की, त्याचे मोठमोठे यशही त्याच्या ध्येयाच्या मानाने अपयशच होते. अपूर्णता वहीत आहे. खूण बायकोच्या गालावर. एकाच्या उणिवेचे प्रतीक दुसऱ्याच्या देहावर कसे जाऊन बसते, याची ही कथा आहे. प्रयोगशाळेतला धटिंगण मदतनीस अमिनाडॅब पुटपुटतो की, ही माझी बायको असती तर मी तो डाग कधी जाऊ दिला नसता. त्याला प्रतीके कळत नाहीत, आणि कथेत एकट्या त्यालाच बाई दिसते.

प्रतीक ही वस्तूच्या ठायी असलेली शक्ती मानावयाची की कुणीतरी कुणावर केलेली क्रिया मानावयाची, हा खरा तात्त्विक प्रश्न आहे. कोलरिजने १८१६ मध्ये रूपककथा आणि प्रतीक यांत भेद केला आणि प्रतीक ज्या सत्याचे दर्शन घडवते त्या सत्यात स्वतः सहभागी असते, असे मानले. रोमँटिक परंपरेतून आलेल्या मराठी समीक्षेलाही ही मांडणी मानवली: रूपककथा कृत्रिम, प्रतीक सेंद्रिय. हॉथॉर्नच्या बाबतीत या भेदाने गोंधळच वाढवला. पोने १८४७ मध्ये त्याला रूपककथेच्या नादाबद्दल झोडपले. हेन्री जेम्सने १८७९ मध्ये त्याच्याकडे प्रतीके फार झाली, अशी तक्रार केली आणि आकाशातील अक्षर त्याला हास्यास्पदतेच्या सीमेवरचे वाटले. जेम्सच्या चाणाक्षपणाविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते की, प्रतीके फार कुणाला झाली आहेत, हे त्याने पाहिले नाही. ती बोस्टनकरांना फार झाली आहेत. आकाशातले अक्षर हास्यास्पद वाटत असेल, तर विनथ्रॉपचे उंदीरही आठवावेत.

या ठिकाणी मराठी अभ्यासकाला कोलरिजपेक्षा मम्मट अधिक उपयोगी पडावा. 'काव्यप्रकाशा'त अर्थाची व्यंजकता सांगताना मम्मट बोलणारा कोण, ऐकणारा कोण, प्रसंग कोणता, देश-काल कोणता, यांचे वैशिष्ट्य मोजतो. सूर्य मावळल्याची एकच बातमी गुराख्याला, अभिसारिकेला, संध्यावंदन करणाऱ्याला वेगवेगळे सुचवते, हे त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. सूर्यास्त कशाचे प्रतीक आहे, असे त्याने विचारले नाही. 'ए' या अक्षराची तीन अर्थांची शिडी वर्गात चढवली जाते, तेव्हा वक्ता आणि श्रोता दोघेही गळून पडतात. व्यभिचार हा अर्थ दंडाधिकाऱ्यांचा, सामर्थ्याचा अर्थ सेवा घेणाऱ्या गावकऱ्यांचा, देवदूताचा अर्थ सत्ताधीशाला निरोप देणाऱ्या प्रजेचा. हेस्टरला कुणी विचारलेच नाही. आणि तिने मात्र सोन्याच्या जरीने ते अक्षर असे भरले होते की, चौथऱ्याभोवतीच्या बायका आधी त्या कशिद्यावरच चिडल्या.

एवढे झाल्यावर हॉथॉर्नलाही मोकळे सोडता येत नाही. 'अर्थ्स होलोकॉस्ट' (१८४४) या कथेत सुधारक जगातील साऱ्या जुन्या वस्तू होळीत टाकतात. शेवटी एक काळसर चेहऱ्याचा अनोळखी इसम हसून म्हणतो की, मानवी हृदय तेवढे टाकायचे राहिले, तेव्हा सारे पुन्हा पूर्ववत होईल. हा इसम सैतानाचा भाऊ दिसतो. पण या वेळी निवेदक त्याच्याशी सहमत होतो. म्हणजे जे तत्त्व हॉथॉर्नने अरण्यातील सभेत सैतानाला दिले, तेच सुधारणेचा प्रश्न येताच त्याने स्वतः वापरले. १८५२ मध्ये महाविद्यालयीन मित्र फ्रँकलिन पिअर्स अध्यक्षपदासाठी उभा राहिला. हॉथॉर्नने त्याचे प्रचारचरित्र लिहिले, आणि त्यात गुलामगिरीचे दुष्टत्व माणसाच्या उपायांनी दूर होण्यासारखे नाही, ईश्वरी योजना योग्य वेळी ते नाहीसे करील, अशी भूमिका घेतली. जोनाथन ॲरॅक यांनी १९८६ मध्ये ही भूमिका आणि कादंबरीतील अनिर्णय यांचा संबंध जोडला. सॅक्व्हन बर्कोव्हिच यांनी १९९१ मध्ये हेस्टर परत येऊन अक्षर पुन्हा धारण करते, त्यात उदारमतवादी संमतीचे राजकारण पाहिले. दोघांचेही निरीक्षण टाळण्यासारखे नाही. मात्र त्यातून कादंबरीला तिच्या लेखकाच्या प्रचारपुस्तकाची जोडपुरवणी ठरविणे उतावळेपणाचे होईल. सर्वसामान्य पापाच्या आडोशाला उभे राहण्याचा मोह किती मोठा असतो, हे हॉथॉर्नने १८५० मध्ये जाणले होते आणि १८५२ मध्ये तो त्याला बळी पडला. डिम्सडेलची धूर्तता इतक्या आतून लिहिणाऱ्याला ती परकी नव्हती, यात आश्चर्य कसले?

सोयीस्कर सर्वसामान्यता हा केवळ कादंबरीतला विषय नाही. १६९२ च्या न्यायाधीशांपैकी सॅम्युएल स्यूअल १६९७ मध्ये बोस्टनच्या मंडळीत उभा राहिला आणि त्या खटल्यांतील दोष व लाज आपली म्हणून पत्करणारी चिठ्ठी त्याने सर्वांसमोर वाचवून घेतली. तोही प्युरिटनच होता. आद्यपापाची ढाल त्याच्याही हाताशी होती; ती त्याने वापरली नाही. त्याच खटल्यांत आरोपींची कठोर उलटतपासणी घेणारा हॉथॉर्नचा पूर्वज जॉन हेथॉर्न याने असे काही केल्याचे प्रसिद्ध नाही. पुढे १९५७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने ठराव करून बळी गेलेल्यांना कलंकमुक्त केले, तेव्हा ॲन प्युडिएटर हे एकच नाव घातले आणि बाकीच्यांची बोळवण 'काही इतर व्यक्ती' अशी केली. त्या इतरांतील पाच स्त्रियांची नावे कायद्यात यायला २००१ साल उजाडले. एलिझाबेथ जॉन्सन हिचे नाव २०२२ मध्ये आले, तेही शाळकरी मुलांनी आपल्या शिक्षिकेसह पाठपुरावा केल्यामुळे. 'काही इतर व्यक्ती' आणि 'सारी मानवजात' या दोन शब्दप्रयोगांत आकाराचा फरक आहे, कामाचा नाही.

कादंबरीच्या शेवटी हेस्टर समुद्रापलीकडून परत येते. आता कोणताही दंडाधिकारी तिला अक्षर लावायला सांगणार नसतो. ती आपणहून लावते. तिच्या झोपडीत बायका येतात त्या मानवी अपूर्णतेवर चर्चा करायला येत नाहीत. कुणाचे प्रेम वाया गेलेले असते, कुणावर अन्याय झालेला असतो, कुणाला कुणी पत्करलेलेच नसते. आपण इतक्या दुःखी का आणि यावर उपाय काय, असे त्या विचारतात. ती त्यांचे ऐकून घेते, जमेल तसे सांगते. एके काळी आपणच नव्या सत्याची प्रेषिता होऊ, असे तिला वाटले होते. ते तिने सोडून दिलेले असते. तिच्या मृत्यूनंतर जुन्या थडग्याशेजारी अंतर ठेवून नवे थडगे खणले जाते. दोन्हींना मिळून एकच दगड. त्यावर एकही नाव नाही, केवळ काळ्या पार्श्वभूमीवरचे तांबडे अक्षर.

बोस्टनच्या किंग्ज चॅपलच्या दफनभूमीत १७०४ सालचा एक दगड आहे. हेस्टरच्या दगडाची कल्पना हॉथॉर्नला येथूनच सुचली, असे पर्यटकांना सांगण्याची प्रथा आहे, आणि त्यावरील ढालीच्या नक्षीत 'ए' दिसतो काय, हे लोक मान वाकडी करून पाहतात. त्या नक्षीशेजारी नाव कोरलेले आहे: एलिझाबेथ पेन.